खुब्याचा सांधा : छेद लहान कीं मोठा?

खुब्याचा सांधा बदलावयाचा ठरला, कीं “छेद लहान घेतात तेथेंच जाऊं” असें हल्लीं घरोघरीं म्हणतात. आमच्याहि घरीं आत्याबाईंच्या वेळीं हाच वाद झाला. नेहमींच्या रीतींत छेद १५ ते २५ सेंटिमीटर, नव्या रीतींत १० च्या आंत. बसवावयाचा सांधा मात्र तोच : दांडा, गोळा आणि वाटी. लहान छेदानें पहिले कांहीं आठवडे चालणें थोडें सुलभ जातें खरें. पुढें वर्षभरांत भेद फारसा उरत नाहीं. उलट, अरुंद जागेंतून वाटी वांकडी बसली, तर सांधा निखळण्याचें व लवकर झिजण्याचें भय! म्हणून आम्हीं शस्त्रवैद्यांस एवढेंच विचारलें, “या नव्या रीतीनें आपण किती सांधे बसविले?” “फार नाहींत,” ते सरळ म्हणाले, आत्याबाईंनीं मोठाच छेद पत्करला. व्रण काय, लुगड्याखालीं झांकलेलाच.