गटारीतून येणारा नळ

केंद्र सरकारने २०१५ साली 'अमृत' योजना आणली. त्यात जळगाव आले, धुळेही आले. जळगावात पाण्याच्या नव्या वाहिन्या आणि भुयारी गटारी यांच्यासाठी गल्लोगल्ली इतके खोदकाम झाले की पावसाळ्यात शाळेतली पोरे गुडघाभर चिखलातून गेली. ते हाल सर्वांनी पाहिले आहेत, त्यावर पुष्कळ लिहूनही झाले आहे. आज लिहायचे आहे ते मोठ्या वाहिनीविषयी नाही. त्या वाहिनीपासून आपल्या मोरीपर्यंत जो दहा-वीस फुटांचा तुकडा येतो, त्याविषयी लिहायचे आहे. हा तुकडा घरमालकाचा. तो सडला तर बदलायचा खर्च आपला, आणि तो कुठून जातो हे पाहायचे कामही आपलेच.

आपल्या वस्त्यांमध्ये तो कुठून जातो? बहुतेक ठिकाणी गटारीतून. गल्ली सात-आठ फुटांची, एका अंगाला उघडी गटार, तिच्या पोटातून आडवे गेलेले अर्ध्या इंची लोखंडी पाइप. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाकलेले. वरचे जस्त केव्हाच गेले, आता गंज बोटाने निघतो. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती हातभर फाटते, पावसात फुगते आणि जोड हलवते. विहारात वंदना झाली की भगिनी सांगतात, "भाऊ, पानीले वास येस." त्या वासाचे मूळ बहुधा इथे असते.

कुणी म्हणेल, पाइपात पाणी दाबाने येते, मग बाहेरची घाण आत कशी शिरेल? पाणी चोवीस तास असते तर ती सहसा शिरली नसती. पण वाघूरचे असो की तापीचे, पाणी ठरल्या दिवशी तासभर येते आणि जाते. पाणी गेले की पाइप रिकामा होतो. गटार मात्र भरलेलीच असते. छिद्र असेल तर घाण आत झिरपत राहते आणि पुढच्या पाळीला पहिल्या हंड्यात उतरते. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की ती पाण्याबरोबर गटारही ओढते, स्वतःच्या घरात आणि शेजाऱ्याच्याही. मोटर लावणाऱ्याला दोष देताना हेही लक्षात घ्यावे की वस्तीच्या टोकाला असलेल्या घरी मोटरशिवाय हंडा भरत नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. यंत्रमागावर राबणाऱ्यांचे ते शहर. कावीळ, विषमज्वर, जुलाब हे सगळे याच वाटेने घरात येतात. गरोदर बाईला 'ई' प्रकारची कावीळ झाली तर जिवावर बेतते. आपल्याकडे अजूनही आधी गळ्यात माळ बांधतात, मग दवाखाना. पाइप मात्र कुणी पाहत नाही.

दोष कुठे आहे हे घरच्या बाईलाच आधी कळते. पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटे गढूळ, वास मारणारे आणि मग स्वच्छ येत असेल, आणि शेजारी तसे नसेल, तर आपलाच तुकडा फुटला आहे. सबंध गल्लीत शेवटपर्यंत घाण येत असेल तर दोष मोठ्या वाहिनीत. मग सर्वांच्या सह्यांचा अर्ज आणि आरोग्य खात्याला कळवणे. आरोग्य सेवकाला पाण्याची ओ.टी. तपासणी करायला सांगावे. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर संपले आहे. काम होईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे.

बदलायचे ठरले तर जुन्याच जागी नवा पाइप टाकून पैसे घालवू नयेत. मोठी गटार आणि पाण्याची वाहिनी यांत तीन मीटर अंतर असावे, असा सरकारी पुस्तकातला नियम आहे. आठ फुटी गल्लीत ते जमणार नाही हे उघड आहे. तेव्हा त्याच पुस्तकातली दुसरी सोय धरावी. पाणी वर, गटार खाली, मध्ये निदान दीड फूट अंतर. गटार ओलांडायचीच असेल तर तिच्या पोटातून नको. वरून न्यावा, तोही दुसऱ्या जाड पाइपात घालून, आणि तेवढ्या भागात एकही जोड नको. एमडीपीई म्हणतात तो निळा पाइप अखंड मिळतो, गंजत नाही, काळ्या मातीबरोबर थोडा वाकतो. विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले तेव्हा धुळ्याकडे पांझरेच्या पाण्यासाठी त्यांनी नाल्यापलीकडे पाइपाने पाणी नेले होते. आपल्याला तर हातभर रुंदीची गटार ओलांडायची आहे.

एक गोष्ट प्लंबर सांगत नाहीत. नवी जोडणी घेतली की जुनी मोठ्या वाहिनीवरच, फेरूलपाशी, बंद करून घ्यावी. घराशी बूच मारून भागत नाही. तो मेलेला पाइप गटारीत तसाच राहतो आणि सगळ्या गल्लीचे पाणी नासवतो. चर बुजवण्याआधी पाण्याची एक पाळी जाऊ द्यावी आणि जोड डोळ्यांनी पाहावेत.

हे वाचून कुणाला वाटेल की समाजाच्या पत्रात पाइपाच्या गोष्टी कशाला? २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा विरोधकांनी तळे 'शुद्ध' करून घेतले. हक्काचा निकाल हायकोर्टातून यायला १७ मार्च १९३७ उजाडला. पाण्यापर्यंत पोचायला दहा वर्षे लागलेल्या समाजाच्या मुलांनी आता घरातल्या नळाला गटार प्यावी काय?

भुयारी गटारीची जोडणी घेताना आणखी एक प्रसंग येतो. जुनी शौचाची टाकी रिकामी करायला कुणी तरी माणूस उतरवतो, आणि तो कोणत्या समाजाचा असतो हे सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने हे बंद आहे. टाकीत उतरून माणूस मेला तर घरच्यांना ३० लाख रुपये द्यावेत, असे सुप्रीम कोर्टाने २०२३ साली सांगितले. आपल्या घरी तरी यंत्राची गाडीच बोलवावी. थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्यावेत.

खर्चाचे म्हणाल तर एकट्याने खोदू नये. चर एकदाच खोदला जातो, रस्ता फोडण्याची परवानगी एकदाच लागते. तीन-चार घरांनी मिळून काम घ्यावे. चराची मजुरी सारखी वाटावी, पाइपाचे पैसे ज्याच्या त्याच्या फुटांप्रमाणे. ओट्यावरून भांडणे होतात, म्हणून फावडे लागण्याआधीच कुणाच्या ओट्याची फरशी कोण बसवून देणार हे कागदावर लिहावे. प्लंबर परवानाधारक असावा. महापालिकेत भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. घरपट्टीची पावती आणि जुन्या नळपट्टीची झेरॉक्स अर्जाला जोडावी, आणि अर्ज टेबलावर ठेवून परत फिरू नये. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली प्रत हातात पडल्यावरच कचेरीतून निघावे.