डोंगल, सीडी आणि अकरावीचा अर्ज

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. पूर्वी हा प्रकार मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरता होता. आता बदनापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मुलीलाही संकेतस्थळावरच अर्ज भरावा लागतो. शेजारच्या खालांची मुलगी दहावी पास झाली आणि मायलेकी कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. नेट कॅफेवाला घाईत एक-दोन कॉलेजांची नावे टाकून मोकळा होतो. पसंती मात्र दहा देता येतात, आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळूनही घेतले नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांत बसता येत नाही. हा क्रम घरी बसून, विचार करून लावायचा असतो.

घरी संगणक आहे, जुना. त्यावर विंडोज जड होऊ लागले तेव्हा आम्ही उबंटू हे लिनक्स टाकून घेतले. उर्दू आणि मराठी, दोन्ही प्रश्नपत्रिका त्यावर होतात. फोन मात्र सकाळी आमच्याबरोबर जालन्याला प्रशिक्षणाला जातो, म्हणून घरासाठी एक डोंगल आणला. लावला तर दिवा लुकलुकला, पडद्यावर सीडीचे चित्र आले, आत विंडोजची फाईल. नेट काही नाही. दुकानदार म्हणाला, "सर, लिनक्सवर हे चालत नसतं. विंडोज टाकून देतो." आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो.

आमची मुलगी बारावीत आहे. ती म्हणाली, "अब्बा, आधी मशीनला काय दिसतंय ते तर बघू."

टर्मिनल उघडून तिने एल-एस-यू-एस-बी ही आज्ञा दिली, एकदा डोंगल काढून आणि एकदा लावून. दुसऱ्या वेळी एक ओळ जास्त आली. त्या ओळीतल्या क्रमांकाचे दोन भाग असतात, पहिला कंपनीचा आणि दुसरा त्या वस्तूचा. म्हणजे डोंगल जिवंत होता आणि संगणकाला दिसतही होता. फक्त मोडेम म्हणून नव्हे, सीडी म्हणून दिसत होता.

यामागे कंपन्यांची एक युक्ती आहे. विंडोजचा ड्रायव्हर वेगळ्या सीडीवर देण्याऐवजी त्या तो डोंगलच्याच पोटात ठेवतात. लावल्याबरोबर डोंगल सीडीचे सोंग घेतो, विंडोज त्यातून ड्रायव्हर बसवते आणि मग त्याला मोडेम व्हायला सांगते. लिनक्सच्या गाभ्यात अशा बहुतेक मोडेमांचे ड्रायव्हर आधीच असतात ('ऑप्शन' हा त्यातलाच एक), पण डोंगलला सोंग उतरव म्हणून सांगणारे कोणीतरी लागते. ते काम 'यूएसबी मोडस्विच' हा छोटा प्रोग्राम करतो. जर्मनीच्या योशुआ डीट्झे यांनी तो लिहिला आणि साऱ्यांना मोफत दिला.

आता पंचाईत अशी की तो प्रोग्राम उतरवायलाही नेट लागते. लेकीने तात्पुरता उपाय केला. सीडीच्या चित्रावर उजवी कळ दाबून 'इजेक्ट' केले. बऱ्याच डोंगलांना एवढा इशारा पुरतो. दिव्याचा रंग बदलला, पुन्हा तीच आज्ञा दिली तेव्हा क्रमांकाचा दुसरा भाग बदललेला. मोडेम झाला होता! संध्याकाळी आम्ही परतल्यावर आमचा फोन तारेने जोडून मोडस्विच बसवून टाकला, म्हणजे रोज इजेक्ट करायला नको.

तरी नेट लागेना. नेटवर्कच्या यादीत मोबाईल ब्रॉडबँडमध्ये सिमच्या कंपनीचे एपीएन घालावे लागते, जिओचे 'जिओनेट', बीएसएनएलचे 'बीएसएनएलनेट'. आमच्याकडे दुसऱ्याच कंपनीचे निवडले गेले होते. ते सुधारले. मग रेंज. वर टिनाचे पत्रे, त्यात डोंगल संगणकाच्या मागे खुपसलेला. यूएसबीची लांब तार घेऊन तो खिडकीत टांगला आणि पान उघडले.

कोणाच्या कपाटात जुना थ्रीजी डोंगल असेल तर त्याच्यामागे रात्र घालवू नका. जिओला थ्रीजी नव्हतेच आणि एअरटेलने २०२० मध्ये ते बंद केले. नवे काही डोंगल तर थेट नेटवर्क कार्डासारखे जोडले जातात. त्यांना एवढी यातायात लागत नाही.

दुसऱ्या दिवशी खाला आणि त्यांची मुलगी मगरिबनंतर आल्या त्या इशापर्यंत बसल्या. गावाजवळचे कॉलेज की जालन्याचे, विज्ञान की कला, यावर दोघींची बरीच वादावादी झाली. दहापैकी सात नावे भरली. पहिल्या क्रमांकावर मुलीने जालन्याचे विज्ञान शाखेचे कॉलेज घातले. खालांनी वाचून घेतले, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग सकाळची बस किती वाजता सुटते ते विचारले.