नुसते 'पाणी प्या' म्हणून किडनी वाचत नाही!

दरवर्षी मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन पाळला जातो. 'भरपूर पाणी प्या' असा उपदेश त्या दिवशी सगळीकडून ऐकू येतो. उपदेश चुकीचा नाही. पण आमचा साधा प्रश्न आहे, कष्टकऱ्याने कामाच्या ठिकाणी पाणी प्यायचे कुठून आणि लघवीला जायचे कुठे?

ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर, बांधकामावर उन्हात कोणता समाज राबतो, हे वेगळे सांगायला नको. तिथे आडोसा नसतो, म्हणून आमच्या आयाबहिणी मुद्दाम कमी पाणी पितात. अंग दुखले की दुकानातली वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा कामाला लागतात. तहानलेल्या शरीरात या गोळ्या किडनीवर घाव घालतात. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा, एल साल्वाडोर या देशांत मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांच्याही किडन्या निकामी झाल्या. उन्हातले अतिश्रम आणि पाण्याची कमतरता हे त्यामागचे मोठे कारण असल्याचे संशोधक मानतात. कंत्राटी कामगारांना पिण्याचे पाणी व शौचालय देणे कायद्याने बंधनकारक आहे. मग ते न देणाऱ्याला जाब कोण विचारणार?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून आपला हक्क सिद्ध करण्यासाठी. फडातले पाणी आणि शौचालय हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे, असे आम्ही मानतो.

पण बांधवांनो, सगळे खापर व्यवस्थेवर फोडून आपली सुटका नाही. किडनी निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने छळले होते. किडनीचा आजार सुरुवातीला बोलत नाही. पायाला सूज येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस होते, हे खरे. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस त्यात गेले तर मजुरी कोण देणार?

म्हणून आमची सूचना आहे. यंदाच्या भीमजयंतीला डीजेच्या खर्चातून प्रत्येक बुद्धविहारात रक्तदाब, साखर, क्रिएटिनीन आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करा. तपासणीत दोष निघाला तर थेट डॉक्टर गाठा. पाणी किती प्यायचे, हेही त्यांनाच विचारा. आणि पाणी-शौचालय न देणाऱ्या मुकादमाविरुद्ध, कंत्राटदाराविरुद्ध लेखी तक्रार करा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आरोग्यालाही लागू आहे.

जयभीम!