निकालाचे टक्के आणि शाळेची पारख

ब्रह्मपुरी : उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्व विदर्भातील गावांमध्ये एक दृश्य हमखास दिसते. भर उन्हात हायस्कूलचे शिक्षक घरोघरी फिरून पाचवी आणि आठवीसाठी विद्यार्थी शोधत असतात. पट घसरला की तुकडी जाते आणि तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, हे त्यामागील सरळ गणित. संचमान्यतेचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने अधिक कडक झाल्यापासून ही धावपळ वाढली आहे. कुठे गणवेशाचे, कुठे सायकलचे, तर कुठे ऑटोच्या भाड्याचे आश्वासन दिले जाते. मात्र शाळेत गणित कोण शिकवते आणि कसे शिकवते, हा विषय या बोलण्यात क्वचितच निघतो. पालकही तो काढत नाहीत.

वैनगंगेच्या खोऱ्यातील ब्रह्मपुरी हे शिक्षणाचे गाव म्हणून ओळखले जाते. नेवजाबाई हितकारिणीसारख्या संस्थांनी ही ओळख घडविली. तालुक्यातील खेड्यांतूनच नव्हे, तर नदीपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातूनही विद्यार्थी येथे येतात. सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या हायस्कुलांचे दोन प्रकार या भागात आहेत. एक जिल्हा परिषदेची हायस्कुले. त्यांपैकी काहींच्या नावापुढे आजही 'माजी शासकीय' असे शब्द लिहिलेले आढळतात. दुसरा खासगी अनुदानित शाळांचा. त्यांची इमारत संस्थेची, पण शिक्षकांचा पगार शासनाचा. सातवी संपली की पालकांसमोर निवडीचा प्रश्न उभा राहतो आणि तो बहुधा एकाच आकड्याने सोडविला जातो. तो आकडा म्हणजे दहावीच्या निकालाची टक्केवारी.

हा आकडा किती विश्वासार्ह आहे? मार्च २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रांतील शाळेच्या हातचे २० गुण बंद झाले, अभ्यासक्रमही बदलला आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. नागपूर विभाग तर ६७.२७ टक्क्यांसह राज्यात तळाला गेला. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे याच विभागात मोडतात. त्यानंतर अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले. २०२० मध्ये कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के होता. या चार वर्षांत शाळा त्याच होत्या, शिक्षकही बहुतांश तेच होते. बदलले ते नियम. तेव्हा निकालाच्या चढउतारावरून अध्यापनाची पारख करणे धोक्याचे आहे.

शंभर टक्के निकालाच्या फलकामागेही एक प्रश्न दडलेला असतो. नववीत किती मुले होती आणि त्यांतील किती दहावीच्या परीक्षेला बसली? कच्च्या विद्यार्थ्याला नववीतच रोखणे किंवा बाहेरून १७ नंबरचा अर्ज भरण्याचा सल्ला देणे, हे प्रकार राज्यात नवे नाहीत. अशा मुलांची नोंद शाळेच्या निकालात होत नाही. फलकावर शंभर टक्के झळकतात आणि नापास होण्याची शक्यता असलेला मुलगा हिशेबाबाहेर राहतो. ज्या पालकांचे मूल अभ्यासात मध्यम आहे, त्यांनी या फलकाकडे सर्वाधिक सावधपणे पाहायला हवे.

मग पाहावे तरी काय? युडायस क्रमांकावरून प्रत्येक शाळेची पटसंख्या, शिक्षकसंख्या आणि सुविधा पाहता येतात. एका वर्षीची नववी आणि पुढच्या वर्षीची दहावी यांचे पट शेजारी ठेवले की बरेच काही कळते. गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकविणारे शिक्षक त्याच विषयाचे पदवीधर आहेत की रिकाम्या जागेवर कोणाला तरी उभे केले आहे, हे मुख्याध्यापकांना विचारण्यात संकोच नसावा. प्रयोगशाळेचे दार वर्षातून किती वेळा उघडते, याचे खरे उत्तर मुलेच देतात.

आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा हा आणखी एक निकष ठरू शकतो. ही परीक्षा शाळेबाहेरील यंत्रणा घेते आणि त्यात शाळेच्या हातचे गुण नसतात. वार्षिक साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार, म्हणजे एकूण ४८ हजार रुपये मिळतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थीच त्यास पात्र असतात. विनाअनुदानित इंग्रजी शाळेचे शुल्क भरण्यासाठी ओढाताण करणाऱ्या पालकांना ही बाब अनेकदा माहीत नसते. गेल्या तीन वर्षांत शाळेतील किती मुले या परीक्षेला बसली आणि किती निवडली गेली, हा प्रश्न निकालाच्या टक्क्यांपेक्षा अधिक बोलका आहे.

अर्थात निवड करण्याची मुभा सर्वांना सारखी नाही. शहरातील पालक चार शाळा पाहून येऊ शकतो. जंगलालगतच्या गावातील मुलीची शाळा मात्र एसटीच्या वेळापत्रकावर ठरते. अहिल्याबाई होळकर योजनेत तिचा प्रवास मोफत आहे. परंतु वाघाचा वावर असलेल्या वाटेने सायंकाळी घरी परतण्याची चिंता कोणत्याही सवलतीने मिटत नाही. तिच्यासाठी जवळची शाळा हीच एकमेव शाळा असते. म्हणूनच शहरी पालकांनी विचारलेल्या प्रश्नांचे मोल त्यांच्या स्वतःच्या पाल्यापुरते उरत नाही. चौकस पालक केवळ शाळा बदलून मोकळे झाले, तर मागे राहिलेल्यांचा वर्ग तसाच राहील. त्यांनी हेच प्रश्न पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विचारले, तर रिकाम्या पदांची आणि कुलूपबंद प्रयोगशाळेची दखल शाळेला घ्यावीच लागेल. विद्यार्थ्यांसाठी दारोदार फिरणाऱ्या शिक्षकालाही मग सायकलऐवजी शिकवण्याबद्दल बोलावे लागेल.