धाड पडते ती कुणाच्या घरावर?

मैत्रिणींनो,

नशेविरुद्ध कडक कायदा हवा, ही मागणी आपण बायकांनीच वेळोवेळी केली. रोज मार खाणाऱ्या बाईने दुसरं काय मागायचं? पण कायद्याबरोबर पोलिसांच्या हाती काय आलं, हेही पाहायला हवं.

१९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने झडतीचे, अटकेचे अधिकार दिले. हातभट्टी गेली नाही. हप्ता मात्र आला. १९८५मध्ये अमली पदार्थांचा कायदा झाला. त्यात ठरावीक परिस्थितीत वॉरंटशिवाय घरात शिरण्याची मुभा मिळाली. १९८९च्या दुरुस्तीने जामीन अवघड केला. २००१पासून शिक्षा मालाच्या वजनावर ठरू लागली. २०१५मध्ये मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, या कायद्याखाली आलं. दर वेळी अधिकार वाढले. धंदा थांबला का?

ऑक्टोबर २०२०मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो एमडी पकडलं. कामगिरी मोठीच होती. पण त्या गुन्ह्यातला एक प्रमुख आरोपी कैदी असताना महिनोन्‌महिने ससून रुग्णालयात राहिला आणि २ ऑक्टोबर २०२३ला पोलीस पहाऱ्यातून पळाला.

मला वस्तीत भेटतात त्या बायकांना अशी सवलत माहीत नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात कंत्राटावर राबणारा मुलगा एखाद्या पुडीसह सापडतो. आई खाडा करून चौकीच्या पायऱ्या झिजवते, वकिलासाठी डोरलं गहाण टाकते. मुलाला उपचार मिळू शकतात, हे तिला कुणी सांगत नाही.

खरं तर ते याच कायद्यात लिहिलेलं आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करेल, तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. आणि कलम ५० सांगतं, बाईची झडती बाईनेच घ्यायची.

तेव्हा नुसतं ‘पकडा’ म्हणून भागणार नाही. ही दोन कलमं प्रत्येक चौकीत मराठीत लावा, कामगार वस्तीजवळ सरकारी व्यसनमुक्ती केंद्र काढा, ही मागणी आपण लावून धरू या. नशेचा जाच बाईने सोसायचा आणि बंदोबस्ताचाही तिनेच, हे किती दिवस चालणार?

तुमच्या गटाचा अनुभव काय आहे? जरूर लिहा.