चिठ्ठी डॉक्टरांची, दुकान कोणाचे?

स्थूलतेवर आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची नवी औषधे आपल्या देशात येऊन आता बरेच दिवस झाले. मार्च २०२५ मध्ये एली लिली कंपनीचे ‘मौंजारो’ आले; जूनमध्ये नोव्हो नॉर्डिस्कचे ‘वेगोव्ही’ आले. ‘वेगोव्ही’तील मूळ द्रव्य जे सेमाग्लुटाइड, त्याच्या भारतातील पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे देशी कारखानदारांचेही डोळे या बाजाराकडे लागले. औषधांपाठोपाठ एक नवा धंदाही आला. डॉक्टर मोबाईलच्या पडद्यावर भेटतात, चिठ्ठी मोबाईलवरच उतरते आणि औषधाचे खोके चार दिवसांनी दारात येते. डॉक्टर, चिठ्ठी व औषध या तिहींचे मोल एकाच पावतीत चुकते होते.

आम्ही या व्यवस्थेचे विरोधक नाही. पाटण खोऱ्यातल्या किंवा जत तालुक्यातल्या माणसाला तज्ज्ञ डॉक्टरांची गाठ घ्यावयाची, तर कराड वा मिरज गाठावे लागते, त्यात दिवस मोडतो आणि रोजगारही बुडतो. ही पायपीट वाचत असेल तर कोणाला नको आहे? परंतु हा धंदा करणाऱ्या कंपन्या डॉक्टरांच्या पदव्या जितक्या ठळकपणे मिरवतात, तितक्याच मौनाने त्या औषधाच्या दुकानाची गोष्ट गाळतात. हे दुकान कोठले, त्याचा परवाना कोणाच्या नावे, तेथे माल येतो कोठून, आणि हेच दुकान कंपनीने का निवडले, हे रुग्णास सहसा कळत नाही. वस्तुतः रोग्याच्या शरीरात जाते ते औषध. डॉक्टरांची पदवी नव्हे.

या औषधांचा स्वभाव इतर गोळ्यांसारखा नाही. वापर सुरू होईपर्यंत ती २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागतात, आणि गोठली तरी ती टाकूनच द्यावी लागतात. आता वैशाखातला माण, आटपाडी वा जत डोळ्यांपुढे आणावा. शहरातून निघालेले खोके रात्री मालमोटारीत, सकाळी कोठल्या तरी गाळ्यात आणि दुपारी मोटारसायकलवरच्या पिशवीत प्रवास करते. आतला बर्फ केव्हा वितळला याची नोंद ठेवावयाची कोणी? दूध नासले तर वासाने कळते. औषध निकामी झाले, तर पुष्कळदा ते पूर्वीसारखेच निर्मळ दिसते. रुग्णाचे वजन उतरत नाही, म्हणून पडद्यावरचे डॉक्टर मात्रा वाढवतात. आणि पुढचे खोके चांगले निघाले की त्याच वाढीव मात्रेने रुग्ण ओकाऱ्यांनी हैराण होतो. दोष मग औषधाच्या माथी जातो, नाही तर रुग्णाच्या जिभेच्या. वाटेतल्या त्या दुपारची कोणाला आठवणही राहत नाही.

भेसळीचा धोका याहून मोठा. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडविषयी सर्व देशांना इशारा दिला. हा बनावट माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिका या देशांत सापडला होता. जेथे तपासणीची यंत्रणा आपल्याहून कडक मानली जाते, तेथे हे घडले. तेव्हा आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. आणि महाराष्ट्राला तर यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदी, परवाने आणि तपासणी या तिन्ही ठिकाणच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. त्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत चूक नव्हती. चूक होती ती, माल कोणाकडून घ्यावयाचा हे ठरविणाऱ्यांची.

मोबाईलवरून वजन उतरविण्याचा धंदा करणाऱ्यांनी दुकान निवडताना हे प्रकरण एकदा वाचावे. जो सर्वांत जास्त सूट देतो आणि सर्वांत लवकर माल पाठवितो, तो सर्वांत विश्वासू, हा हिशेब साबणाला चालेल. येथे आधी विचारावयास हवे की, दुकानदार माल कंपनीच्या अधिकृत घाऊक विक्रेत्याकडूनच घेतो काय, आणि त्या खरेदीची बिले बॅच क्रमांकासह दाखवितो काय. शीतपेटीतील तापमानाची रोजची नोंद आहे काय, वीज गेल्यावर ती पेटी किती तास तग धरते, उशिरा पोहोचलेले खोके तो मुकाट्याने परत घेतो की ग्राहकाशी हुज्जत घालतो, हेही पाहावे. पण आमच्या मते सर्वांत मोठी कसोटी निराळीच आहे. त्या दुकानातील औषधनिर्मात्याला चिठ्ठी परत पाठविण्याची मोकळीक आहे काय?

१९४८ च्या औषधशास्त्र कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यालाच दिला, तो शोभेसाठी नव्हे. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेलेली असेल, घराण्यात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असेल, किंवा मधुमेहाची दुसरी औषधे चालू असतील, तर या सुया देण्यापूर्वी थांबून विचारावे लागते. पाच मिनिटांच्या मोबाईल-भेटीत जे निसटते, ते दुकानात बसलेला जाणता माणूस पकडू शकतो. पण ज्या दुकानाचा सारा गल्ला एका कंपनीवर अवलंबून, तो दुकानदार त्या कंपनीच्या डॉक्टरांना ‘हे औषध मी देणार नाही’ असे कोणत्या तोंडाने सांगणार?

आपल्या पेठांतले औषधविक्रेते या बाबतीत धुतल्या तांदळासारखे आहेत, असेही आम्ही म्हणणार नाही. भिंतीवर परवाना एकाच्या नावाचा आणि गल्ल्यामागे दुसराच मुलगा, हा देखावा कोणी पाहिलेला नाही? (हजेरीपटावर सही केली की तास झाला, असे मानणारे शिक्षकही आम्ही पाहिले आहेत.) दुकानात औषधनिर्माता प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे, असा आग्रह अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी धरला, तेव्हा राज्यातील विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवण्यापर्यंत मजल नेली होती. ऑनलाइन विक्रीविरुद्ध आज त्यांच्या संघटना जो आवाज उठवितात, त्यात तथ्य आहे. पण गणपती पेठेतल्या किंवा पोवई नाक्यावरच्या आपल्याच दुकानात तो नियम पाळणाऱ्याच्या तोंडी तो अधिक शोभेल.

दूरवैद्यकाच्या सल्ल्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाली. त्यांत एक तरतूद आहे, तिचा उच्चार या कंपन्या क्वचितच करतात. डॉक्टरांनी चिठ्ठी थेट दुकानाकडे पाठवावयाची असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती हवी, आणि औषध आपल्या पसंतीच्या कोणत्याही दुकानातून घेण्याचा त्याचा हक्क अबाधित राहिला पाहिजे. डॉक्टर, चिठ्ठी आणि औषध एकाच पावतीत बांधणारी योजना या हक्काचे काय करते? सल्ला घ्या व औषध कोठूनही आणा, असे सांगण्याची ज्या कंपनीची तयारी नाही, तिचा नफा सल्ल्यात नसून सुईत आहे, असा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही. स्थूलता औषधाने बरी करण्याच्या जाहिराती तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानेच निषिद्ध ठरविल्या आहेत. त्या कायद्याच्या परिशिष्टात स्थूलतेचा स्पष्ट उल्लेख आहे.

ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याला कायम रूप देण्यात वर्षामागून वर्षे लोटली. तोवर आमची सूचना साधी आहे. या कंपन्यांनी सातारा, कराड, सांगली, मिरज, विटा, फलटण येथील परवानाधारक दुकानांची यादी जाहीर करावी. औषध तेथपर्यंत शीतपेटीतून आणावे, आणि रुग्णाने ते औषधनिर्मात्यासमोर, बॅच व मुदत पाहून, सुई कशी टोचावयाची हे विचारून घ्यावे. त्यात खर्च थोडा वाढेल आणि घरपोच सेवेची मिरवणूकही बुडेल. दोन्ही जिल्ह्यांत अन्न व औषध प्रशासनाची कार्यालये आहेत. तेथील अधिकाऱ्यांनी येत्या उन्हाळ्यात जतला उतरणाऱ्या अशा एखाद्या खोक्यात थर्मामीटर घालून पाहावा आणि जो आकडा निघेल तो लोकांपुढे ठेवावा.