खंड मोबाईलमध्ये आहेत, वाचायचे कुठे?

बाबासाहेबांच्या ‘लेखन आणि भाषणे’ या खंडांचा विषय निघाला की आपल्या तरुणांकडून दोन उत्तरे येतात. एक, ‘खंड मिळतच नाहीत.’ दुसरे, ‘छापील हवेत कशाला, पीडीएफ आहे ना!’ दिवा, मुंब्रा, डोंबिवली या पट्ट्यात काम करताना आम्हाला ही दोन्ही उत्तरे कित्येकदा एकाच मुलाकडून ऐकायला मिळतात. पीडीएफ असलेल्या मुलाला ‘त्यातला कोणता खंड पूर्ण वाचलास?’ असे विचारले, की मात्र तो हसून विषय बदलतो.

आधी ‘मिळत नाहीत’ याबद्दल. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. शासकीय छपाईमुळे किंमत कमी राहिली आणि मजुराच्या घरातही जाडजूड ग्रंथ पोहोचला. पण मागणी कधीच पुरी झाली नाही. २०२१ च्या अखेरीस ‘लोकसत्ता’ने बातमी दिली की, नऊ लाख प्रती छापायचे ठरले, ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला, प्रत्यक्षात छापल्या फक्त ३३ हजार. मुंबई उच्च न्यायालयाने या बातमीची स्वतःहून दखल घेऊन ती जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतली. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे रांगा लागतात, आणि त्याच समाजाला खंड मिळावेत म्हणून न्यायालयाला लक्ष घालावे लागते. मग तरुण मोबाईलकडे वळला, तर त्याला वाचनाचा कंटाळा आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे.

आणि मोबाईलवर खरोखरच खूप काही आहे. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रान्सिस प्रिचेट यांनी ‘अनाइहिलेशन ऑफ कास्ट’ची टिपांसह ऑनलाइन आवृत्ती केली आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पालि तिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत ऑनलाइन ठेवले आहे. पूर्वी हे ग्रंथ पाहायला मोठ्या शहरातले ग्रंथालय गाठावे लागे. आता दिव्याच्या चाळीत बसून मज्झिम निकाय उघडता येतो. हे लहान काम नाही.

अडचण उघडण्यात नाही, वाचण्यात आहे. आणि इथे दिव्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पश्चिमेला ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे, पूर्वेला कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून. मधल्या दिव्यात मात्र दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत पाच माणसे राहतात आणि अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड हलते. अशा घरात वीस-बावीस जाड खंड ठेवायचे कुठे? बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी, पण भाडेकरूला कपाटाची जागासुद्धा मोजून मिळते. शिवाय दिव्याच्या माणसाचा वेळ लोकल खाते. जलद गाड्या इथे थांबू लागल्या त्या डिसेंबर २०१६ पासून, तेही २०१५ च्या जानेवारीत प्रवाशांचा उद्रेक झाल्यानंतर. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गाडीतून पडून प्रवाशांचे जीव गेले. ज्या गाडीत जीव मुठीत धरून उभे राहायचे, तिथे ‘प्रवासात पुस्तक वाचा’ हा सल्ला देणाऱ्याने एकदा सकाळी आठला दिव्याहून चढून दाखवावे. (दारात उभे राहून मोबाईल वाचायचीही सोय नाही. रुळांकडेला काठी मारून फोन पाडणारे असतात.)

म्हणून ‘पुस्तक की मोबाईल’ हा प्रश्न आमच्याकडे आवडीचा नाही, जागेचा आणि वेळेचा आहे. तरीही दोन्हीकडचे वाचन सारखेच असते असे म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने ५४ अभ्यासांची एकत्र पाहणी झाली, त्यात एक लाख ७० हजारांहून जास्त वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. गोष्टीरूप मजकुरात तसा फरक दिसला नाही. ‘अनाइहिलेशन ऑफ कास्ट’ किंवा ‘रुपयाचा प्रश्न’ ही गोष्ट नव्हे, तिथे युक्तिवादाचा एकेक जिना चढावा लागतो. चौथ्या पायरीवर नोटिफिकेशन वाजले की वाचक खाली येतो. मग हातात उरते ते सुटे वाक्य, आणि सुटी वाक्येच फॉरवर्ड होतात. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांनी कधीच न लिहिलेले वाक्य १४ एप्रिलला आपल्याच गटांत फिरते. विरोधक ते पकडतात आणि आपली मुले गप्प होतात.

गंमत अशी की हे खोटे वाक्य पकडायचे उत्तम साधनही पीडीएफच आहे. शब्द टाकला की खंड, पान समोर. मराठीत मात्र हे इतके सोपे नाही. अठराव्या खंडाच्या तीन भागांत बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत, पण मराठी ग्रंथांच्या फिरणाऱ्या बऱ्याच पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही, अंध वाचकाच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाहीत. ज्या भाषेत ते आपल्या माणसांशी बोलले, तीच मागे राहिली आहे. शासनाकडे मागणी करताना आपण छपाई मागतो. हे युनिकोडमधले मराठी खंड कुणी मागत नाही.

तिसरा मुद्दा ताब्याचा. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने भाषण नको म्हटले तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९८७ मध्ये ‘रिडल्स इन हिंदुइझम’ शासनाच्या चौथ्या खंडात आले, तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठले आणि १९८८ मध्ये मुंबईत आंबेडकरी जनतेला लाखोंनी रस्त्यावर यावे लागले. छापणारा हात शासनाचा असेल तर तो थांबू शकतो. आणि संकेतस्थळ दुसऱ्याचे असेल तर पान एका रात्रीत जाऊ किंवा बदलू शकते, कळतही नाही. हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क २०१६ अखेर संपला आहे. म्हणजे ते कुणालाही छापता येते. मरणोत्तर आलेल्या लेखनाची मुदत मात्र प्रकाशनापासून ६० वर्षे मोजतात, त्यामुळे ‘रिडल्स’ अजून त्यात बसत नाही.

आमच्या कामात सगळ्यात टिकलेले वाचन आम्ही पाहतो ते ना मोबाईलवरचे, ना एकट्याने पुस्तकात डोके घालून केलेले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. एक जण मोठ्याने वाचतो, धुणी-भांडी करून आलेल्या बायाबापड्या ऐकतात, मध्येच एखादी ताई थांबवून विचारते, ‘म्हणजे दुःख हे नशीब नाही ना?’ प्रत एकच असते, पाने हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली असतात, आणि पुढच्या वर्षी वाचणारा मागच्या वर्षीच्या खुणा पाहून पुढे जातो. तरुण मात्र या बैठकीला कमी येतात. त्यांना ती म्हाताऱ्यांची वाटते.

दिव्यातल्या काही मुलांनी यंदा वेगळे करायचे ठरवले आहे. विहारात छापील खंड एकच ठेवायचा, रविवारी दोन तास, प्रत्येकाचा फोन दारातल्या टोपलीत. वाचताना जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण. शेवटची वीस मिनिटे टोपलीतून एकच फोन काढून संदर्भ शोधायचे, इंग्रजी मूळ आणि मराठी भाषांतर ताडून पाहायचे. सुरुवात ‘अनाइहिलेशन’पासून. त्यांच्याजवळ पहिल्या खंडाची एकच प्रत आहे, तीही एका निवृत्त रेल्वे कामगार काकांकडून मागून आणलेली, आणि काकांची अट आहे की पानाचा कोपरा दुमडायचा नाही.